रिक्त पदास अनावृत पत्र

श्री. रा. रा. रिक्त पद,
तंत्रज्ञ, वीज शाखा कार्यालय, मुक्काम आमचे गाव, यांस
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा तुमचे नाव फळ्यावर वाचले. डीपीचा फ्यूज चार दिवसांत तिसऱ्यांदा उडाला म्हणून शाखा कार्यालयात गेलो होतो. साहेबांच्या खुर्चीमागे खडूने आखलेले तीन रकाने: मंजूर, कार्यरत, रिक्त. तिसऱ्यातला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा. म्हणजे कचेरीत बहुमत तुमचे आहे, आणि आम्ही इतकी वर्षे उगाच साहेबांना नमस्कार घालत होतो.

तुमच्याइतका गुणी कर्मचारी तालुक्यात नाही. तुम्ही उशिरा येत नाही, रजा टाकत नाही, बदलीसाठी आमदारांचे पत्र आणत नाही. तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. खांबावरून तर तुम्ही कधीच पडला नाहीत. गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली तर तुम्हाला 'अ+' शिवाय दुसरे काही देता येणार नाही.

मोजमाप होते ते हजर असलेल्यांचे. आमचा वायरमन (पदनाम 'तंत्रज्ञ' झाले खरे, पण गावाला ते पचलेले नाही) सकाळी थकबाकीची यादी घेऊन निघतो. किती जोडण्या तोडल्या, किती वसुली झाली, हे दर दोन तासांनी ग्रुपवर टाकायचे. दुपारी साहेबांची व्हीसी, त्यात काल वसुली कमी का, याचा खुलासा. खांबावर चढायचे राहते संध्याकाळी. मार्चअखेरीस तर तार तुटली तरी चालते, यादी तुटता कामा नये. कमी पडले की 'कारणे दाखवा' त्याला. खरे कारण दाखवायचे तर त्याने तुमच्याकडे बोट दाखवायला हवे, पण बोट दाखवायला समोर कुणी असावे लागते.

कामगिरी मोजण्याचे शास्त्रही आहे, नाही असे नाही. सैफी म्हणजे वर्षात ग्राहकामागे सरासरी किती वेळा वीज गेली, सैदी म्हणजे किती वेळ गेली. पाच तास अंधारात बसलेल्याला या शास्त्राची गोडी कळणार नाही, म्हणून हिशेब मांडतो. समजा 12,000 ग्राहक आहेत आणि त्यातल्या 1,200 जणांची वीज 5 तास गेली. अंधार सगळ्यांत वाटून टाकला की माणशी भरतो 30 मिनिटे. शिवाय ही नोंद बहुतेक ठिकाणी उपकेंद्रातल्या 11 केव्ही फीडरवरून होते. आमच्या डीपीचा फ्यूज उडून चाळीस घरे काळोखात गेली तर फीडरला त्याचा पत्ताही नसतो. तो आपला चालू. अहवालात आम्हीही चालू.

2003 च्या वीज कायद्यात कलम 57 आहे. सेवेची मानके पाळली नाहीत तर बाधित ग्राहकाला भरपाई, असे त्यात लिहिले आहे. कलम चांगले आहे. अडचण एवढीच की फ्यूजचे घड्याळ तक्रार नोंदल्यापासून धावते, आणि आमच्या कार्यालयात फोन उचलायच्या टेबलावर तुम्ही बसता. फोन वाजतो, वाजतो, दमून थांबतो. घड्याळ सुरूच होत नाही, मग उशीर कुठून होणार?

एवढ्यासाठी मात्र पत्र लिहिले नसते. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात चिंचेची फांदी तारेवर पडली. वायरमन एकटाच आला. लाइनवर काम करायचे तर उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, एबी स्विच उघडून कुलूप लावायचे, डिस्चार्ज रॉडने तार जमिनीला जोडायची, आणि एकजण वर असताना दुसऱ्याने खाली उभे राहायचे, ही रीत. खाली उभा होतो मी, हातात बॅटरी घेऊन. विजेतले मला बिलापलीकडे काही कळत नाही. अर्ध्या वाटेवर थांबून त्याने विचारले, "स्विचपाशी कोण आहे?" मी म्हटले, कुणी नाही. तो उतरला, चिखलातून अर्धा किलोमीटर चालत गेला, कुलूप पुन्हा ओढून पाहिले, परत आला आणि परत चढला. चढताना म्हणाला, "जोडीदार आहे हो मला. फळ्यावर."

तो जोडीदार तुम्ही.

कंत्राटावर एक पोरगा अधूनमधून येतो. त्याचे नाव फळ्यावरच्या कोणत्याच रकान्यात नाही, त्यामुळे त्याला तुमची सरही नाही.

मृग तोंडावर आला आहे. चिंच अजून तिथेच आहे आणि तिला नवी फांदी फुटली आहे. रबरी हातमोज्यांची जोडी कार्यालयाच्या कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे असते. यायचे ठरवलेत तर आधी फोन करू नका, तो तुम्हालाच उचलावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बॅटरी धरणारा ग्राहक