गुंठा, मिनिट आणि मेंदू

संख्या, आकार आणि काळ यांचे हिशेब माणसाचा मेंदू वेगवेगळ्या वह्यांत ठेवत नाही. 3 हा आकडा ठळक मोठा आणि 5 बारीक छापला, तर मोठी संख्या कोणती हे सांगताना माणूस अडखळतो. हेनिक आणि त्सेल्गोव या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये हे दाखवलं. पडद्यावर सारखाच वेळ दिसलेला 9 हा 1 पेक्षा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो. तिन्ही मापांची यंत्रणा मेंदूत एकच असावी, असं मेंदूचे अभ्यासक व्हिन्सेंट वॉल्श यांनी 2003 मध्ये मांडलं. पुण्याजवळ मुळशीत घोटावड्याच्या रस्त्यावर प्लॉट विकणाऱ्यांना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे.

इथे गुंठ्याबद्दल विस्ताराने सांगणं भाग आहे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फुटांचा एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. भात पिकतं तोवर जमीन एकरात असते, विकायला काढली की गुंठ्यांवर येते आणि शहरी गिऱ्हाईक दिसताच चौरस फुटांवर. माप आक्रसतं, आकडा फुगतो, जमीन तेवढीच. सातबारा मात्र हेक्टर-आर सोडत नाही. तिथे दोन गुंठे म्हणजे 0.02 हेक्टर, मालकीचा सगळा रुबाब दशांशचिन्हाच्या उजवीकडे अंग चोरून बसतो. म्हणून प्रस्तुत लेखकासारखा पगारदार दोन गुंठे घेण्याच्या नुसत्या बेतावरही पाहुण्यांना ‘2178 स्क्वेअर फूट’ ऐकवतो. ‘दोन’ म्हणायला जीभ उचलत नाही. आणि गुंठे विकून गळ्यात साखळी घालणाऱ्याला ‘गुंठामंत्री’ म्हणून हसायचा हक्कही त्यालाच हवा असतो.

त्या हसण्यात विकलं गेलेलं भाताचं खाचर राहून जातं. किती बायांची किती दिवसांची लावणी, यावरूनही खाचर लहान की मोठं ते कळतं. संख्या, आकार, काळ तिन्ही त्यात आले, वर कंबरदुखी. खाचर विकलं की ती लावणी कुठल्याच दाखल्यात उरत नाही. त्याच जागी मुरूम टाकून ‘निसर्गाच्या कुशीत’ असा फलक लावलेला पाहिला की प्रस्तुत लेखकाला संताप येतो. गाडी त्याने तो फलक वाचूनच थांबवलेली असते.

अंतराचीही तीच कथा. हिंजवडी किती किलोमीटर, हे फलक सांगत नाही. ‘15 मिनिटांवर’ म्हणतो. ही मिनिटं बहुधा रविवारी पहाटे मोजलेली असतात. विसार देण्यापूर्वी ती सोमवारी सकाळी 9 वाजता मोजून पाहावीत.