बेचाळिशीतला सल्लागार

जबलपूरचं कमानिया गेट हे राजीनाम्याचं स्मारक आहे असं म्हटलं, तर सराफ्यातली मंडळी अंगावर येतील. कागदोपत्री ते 1939 च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. पण त्या अधिवेशनात झालं काय? सुभाषबाबू 1580 विरुद्ध 1377 मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले. अंगात ताप, स्ट्रेचरवरून मंडपात आणलेले. आणि तिथे गोविंद वल्लभ पंतांनी ठराव आणला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. ठराव मंजूरही झाला. म्हणजे खुर्ची तुमची, जबाबदारी तुमची, माणसं मात्र दुसऱ्याच्या मर्जीची. कुठल्याही प्लँटमधल्या डेप्युटी मॅनेजरला हे वाचून गहिवरून येईल. 29 एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. 1921 मध्ये त्यांनी आयसीएसचाही दिलाच होता, तेव्हा हात बसलेला होता म्हणा.

आणि नेमक्या या कमानीखाली आपला जबलपूरकर मराठी बाप इंजिनिअर मुलाला बजावतो, "काही कर बाबा, पण नोकरी सोडू नकोस."

बापाचाही दोष नाही. हे शहरच नोकरीवर उभं आहे. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, 1942 ची खमरियाची, नंतरची व्हेइकल फॅक्टरी, शक्तिभवनातली वीज कंपनी, रेल्वेचं झोनल मुख्यालय. इथे माणूस नावाने ओळखला जात नाही, कुठल्या गेटातून आत जातो यावरून ओळखला जातो. 1 ऑक्टोबर 2021 ला त्या फॅक्टऱ्यांसकट देशभरच्या आयुध कारखान्यांचीच वाटणी सात सरकारी कंपन्यांत झाली, तरी ‘पक्की नोकरी’ हा शब्दप्रयोग आमच्या घरांतून अजून निवृत्त झालेला नाही.

साठीनंतर कन्सल्टंट झालेला माणूस आम्हाला चालतो. त्याला ‘अनुभवी’ म्हणतात, सत्यनारायणाला पुढच्या सतरंजीवर बसवतात. बेचाळिशीत नोकरी सोडून झालेला मात्र ‘सध्या घरीच असतो’. शटडाऊनमध्ये त्याने दिवाळी प्लँटवर काढली, रात्री दोन वाजता कंप्रेसर बसला म्हणून फोन आला, मुलीचं गॅदरिंग मोबाइलवर पाहिलं, तेव्हा कुणी विचारलं नाही की हे कसं चाललंय. आता तो दुपारी तीन वाजता भाजी आणताना दिसला की गल्ली हवालदिल होते. "काय बड्डे, सब ठीक?" या प्रश्नातला ‘सब’ फार लांबतो.

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, हीच मंडळी विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतात. पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, पुणे केलं, खडकवासल्याला पुराचं पाणी अडवणारे स्वयंचलित दरवाजे बसवले. आणि मुख्य अभियंत्याची खुर्ची लवकर मिळण्यातली नाही हे दिसल्यावर 1908 मध्ये नोकरी सोडली. त्याच सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद बुडवलं आणि निजामाच्या सरकारने त्यांना सल्ल्याला बोलावलं. पूर रोखायला शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधा, हा तो सल्ला. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातूनच उभे राहिले. हाराच्या भाषणात धरणं येतात, नदी येते, राजीनामा काही येत नाही. अर्थात नोव्हेंबर 1909 मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, म्हणजे स्वतंत्र सल्लागारी साधारण वर्षभर टिकली. हे मात्र आपल्या कन्सल्टंटच्या सासूबाईंना बरोबर ठाऊक असतं.

बरं, आता गिऱ्हाइकांकडे वळू. कमानिया गेटजवळ खव्याची जिलबी मिळते. काळपट तपकिरी, जाड, पाकाने जड झालेली. ती घेताना कुणी म्हणत नाही की आधी खाऊन बघतो, जमलं तर मार्चअखेर पैसे देतो. पण हाच जिलबीखाऊ छोटा कारखानदार कन्सल्टंटला कारखान्यात बोलावतो, चहा पाजतो, बॉयलरपासून पॅनेलपर्यंत सगळं दाखवतो आणि तासभर डोकं पिंजून घेतल्यावर म्हणतो, "सर, कोटेशन पाठवा ना." कोटेशन गेलं की उत्तर येतं, "एवढं? तुम्ही तर फक्त बघितलंत!" वीस वर्षं बघायला शिकण्यात गेली, त्याचा कॉलम बिलात नसतो.

त्यातून काम मिळालंच तर पुढची गंमत जीएसटीची. नोंदणीकृत सल्लागाराने बिल फाडलं की 18 टक्के कर सहसा पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने दमडी दिलेली असो वा नसो. म्हणजे दुसऱ्याने न दिलेल्या पैशांवरचा कर हा आपल्या खिशातून भरतो. नोकरीत पगारातून कर कापला जायचा; इथे आधी कर जातो, पगाराचं नंतर बघू. आणि अकाउंट्समधून उत्तर ठरलेलं: साहेब टूरवर आहेत. पूर्वी एक साहेब टूरवर असायचा, आता सहा कंपन्यांचे सहा साहेब एकाच वेळी टूरवर असतात.

तरी आमचा बेचाळिशीतला मागे फिरत नाही, हे विशेष. रात्री दोनला फोन आता येत नाही असं नव्हे. येतो, पण त्याचं बिल लागतं, म्हणून कमी येतो. पंत ठराव त्याला लागू नाही: हाताखाली माणसंच नाहीत, तर ती कुणाच्या मर्जीने नेमायची? आणि नको असलेल्या कामाला ‘नाही’ म्हणता येतं. पगारवाढीच्या पत्रात ही सोय कधीच नव्हती. मला विचाराल तर गल्लीने त्याची काळजी सोडावी आणि सासूबाईंनी एखाद्या रविवारी त्याला विचारावं की काम कसं चाललंय. नोकरी कधी लागणार, हे नको.

राहता राहिले कारखानदार. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो की उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. वर पैसे दिल्याशिवाय तो खर्च आयकरात वजाही मिळत नाही. तेव्हा शेठ, टेबलावरच्या फायलींत एखाद्या सल्लागाराचं बिल दबलेलं असेल, तर जिलबी आणायला निघण्याआधी तेवढं पेमेंट करून टाका.