पाडायला सगळे

नवेगावच्या तलावाचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. काठच्या सात टेकड्यांनी, म्हणजे सात बहिणींनी, त्यांना हातभार लावला असं लोक सांगतात. आमच्या आजोबांचं मातीचं घर पाडायला मात्र दोन काका, तीन जावई आणि एक आतेभाऊ लागले. (बांधायला उरला तो आतेभाऊ.)

कवेलू उतरवताना प्रत्येकाला बालपण आठवलं, आणि त्यामागोमाग हिस्साही. ओसरीतल्या सागवानी खांबाला कवटाळून मोठ्या काकाजींना गहिवरून आलं. सुटेचना मिठी! संध्याकाळी खांब ट्रॅक्टरवर चढून त्यांच्याच घरी गेला.

नव्या घराला घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर, असा हिशेब होता. सल्ल्याला अशी कुठली मोजपट्टी नाही. स्वयंपाकघराची दिशा चारदा बदलली, तीही जेवणाच्या पंगतीत बसून. हातभर जाडीची भिंत ठेवू म्हटलं, तर धाकटे जावई हसले, ‘मातीत काय राहता बाप्पा?’

आता घर स्लॅबचं आहे. मे महिन्यात दुपारची झोप आम्ही शेजारच्या कवेलूच्या घरात काढतो. जावईबापूही तिथेच असतात.