रस्ता कुणाचा, ते आधी सांगा

खड्डा पडला की तक्रार करा, असं सगळेच सांगतात. कुणाकडे करायची, हे जव्हार-मोखाड्यात कुणी धड सांगत नाही. नगरपरिषदेत जावं तर रस्ता सार्वजनिक बांधकामचा. बांधकामला जावं तर तो जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला गाठावं तर काम ग्रामसडक योजनेतलं, आणि ग्रामसडकवाल्यांनी नकाशा उघडला की मधला तुकडा वनखात्याचा निघतो. मजुरी बुडवून एवढ्या पायऱ्या चढलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ म्हणायला प्रत्येक खातं मोकळं.

म्हणून मालक आधी ओळखा. जव्हार नगरपरिषद १९१८ पासूनची, मोखाड्याची नगरपंचायत अलीकडची. दोघींना १९६५ चा एकच कायदा लागू. गल्लीतला रस्ता, गटार, झाडलोट, खांबावरचा दिवा हे त्यांचं बंधनकारक काम आहे, उपकार नव्हे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या. त्र्यंबककडून मोखाडा, जव्हार करत विक्रमगडकडे उतरणारा १६०-अ हा राष्ट्रीय महामार्ग. त्याच्या खड्ड्यासाठी नगरपरिषदेत भांडून उपयोग नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर कडेचा फलक वाचा. ठेकेदाराचं नाव, खर्च, काम पुरं झाल्याची तारीख त्यावर असायला हवी. त्या तारखेपासून ५ वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते. फलक नसेल किंवा रंग उडालेला असेल, तर पहिली तक्रार त्याचीच करा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. रस्त्याची कामं निघतात ती नेमकी त्याच महिन्यांत, मार्चअखेरच्या घाईत. खडी किती पडली, डांबर किती ओतलं, रोलर किती वेळा फिरला, हे बघायला गावात उरतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. माणसं परततात तेव्हा वळीव पडून गेलेला असतो, आवणीची घाई असते, आणि पहिल्या मोठ्या पावसात नवी खडी ओढ्यात उतरलेली असते. ज्यांचा रस्ता, त्यांच्या पाठीमागे तो उरकायचा, हे थांबलं पाहिजे. काम सुरू करण्याआधी ग्रामसभेला अंदाजपत्रक वाचून दाखवा. पेसा क्षेत्र आहे हे. इथे ग्रामसभेला डावलून काम करण्याचा हक्क कुणालाही नाही.

तोंडी तक्रार करू नका. ती हवेत विरते. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. जागा नेमकी लिहा: कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, कोणत्या मोरीच्या अलीकडे. फोनवर फोटो काढता आला तर जोडा. दाद लागली नाही तर ‘आपले सरकार’वर तक्रार टाका, किंवा दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलमध्ये तालुका लोकशाही दिन असतो, तिथे तीच पोच पुढे ठेवा. सगळ्यात धारदार हत्यार अजूनही माहितीचा अधिकार. १० रुपयांचं तिकीट, ३० दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही १० रुपये माफ. मागायचं काय? कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेलं बिल आणि दोषदायित्वाचा कालावधी. हे चार कागद मागितले की खुर्च्या हलतात.

आणि ज्या पाड्याला रस्ताच नाही, त्याने कुठला खड्डा दाखवायचा? ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत एका बाईची जुळी बाळं दगावली. रस्ता नव्हता. रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर निसरड्या उतारावरून न्यावं लागलं. असे पाडे आजही आहेत, आणि तिथे बहुतेक वेळा ऐकू येणारं उत्तर एकच: वनखात्याची परवानगी नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर जमीन देता येते. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. उपवनसंरक्षकांचं कार्यालय जव्हारलाच आहे. तीन मीटर रुंदी धरा, एका हेक्टरात तीन किलोमीटरहून लांब रस्ता बसतो. मरकटवाडीच्या आईला झोळीतून तेवढंच अंतर काढावं लागलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमी झालं तर ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायलाही सांगितलं. लक्षात आणून दिल्याचा पुरावा म्हणजे तीच शिक्क्याची पोच. पण दावा लावायचा कुणावर, हे कळायला रस्त्याचा मालक माहीत हवा.

तेव्हा तहसीलदार आणि गटविकास अधिकारी साहेब, एवढं करा. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रस्त्यांची यादी रंगवून घ्या: रस्त्याचं नाव, खातं, अभियंत्याचं पद, कार्यालयाचा फोन, दोषदायित्व कधी संपतं ती तारीख. रस्ता नसलेल्या पाड्यांची नावंही त्याच भिंतीवर लिहा. आणि हे दिवाळीच्या आधी करा, माणसं गावात आहेत तोवर.