खोक्यावरचा ड्रॅगन

जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चाळिशीतली शहाणीसुरती माणसंही हळवी होतात. अटारी कंपनीचं नाव तर गवयाने उस्तादांचं घ्यावं तसं कानाची पाळी धरून घेतात. माझ्या मते यातलं निम्मं मोठेपण खोक्यांचं आहे. १९८०चा 'ॲडव्हेंचर' घ्या. खोक्यावर किल्ला काय, ड्रॅगन काय! टीव्हीला लावला की नायक म्हणजे एक चौकोन. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता चौकोन. ड्रॅगन थेट बदकासारखा. हे बदक चौकोनाला गिळतं आणि मग चौकोन त्याच्या पोटात बसलेला आपल्याला दिसत राहतो. याला म्हणे अभिजात कलाकृती म्हणायचं.

आमच्याकडेही नव्वदीत चायनीज कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचंच. आत गेम पाच-सहा. बाकी सगळा तोच माल, कुठे 'कॉन्ट्रा' तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, एवढंच.

अटारीच्या 'पॅकमॅन'साठी तर ३ एप्रिल १९८२ला राष्ट्रीय पॅकमॅन दिवस काढला होता. यंत्राची मेमरी १२८ बाइट आणि एका ओळीत काढता येणाऱ्या हलत्या आकृत्या दोनच, त्यामुळे चारही भुतं एका वेळी धड दिसेनात, लुकलुकायची. पॅकमॅन गिळायचा त्या ठिपक्यांचं माहितीपुस्तकात 'व्हिडिओ वेफर' असं बारसं केलं. सत्तर लाखांवर कॅसेटी खपल्या. वेफरला नाव दिलं की गिऱ्हाईक चव विचारत नाही.

त्याच वर्षी नाताळचा बाजार गाठायला पाच आठवड्यांत परग्रहवासी ईटीच्या सिनेमावरचा 'ईटी' गेम उरकला. त्यात ईटी सारखा खड्ड्यात पडतो, मान लांब करून तरंगत वर येतो आणि काठावर येताच पुन्हा आत. मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणसाला यात नवल नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला सवय नव्हती. १९८३ साली न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत, म्हणजे पुन्हा खड्ड्यातच गेला.

तेव्हापासून 'ईटी' हा जगातला सर्वांत वाईट गेम. मला तेही पटत नाही. पाच आठवड्यांच्या मानाने तो बराच बरा आहे. पण 'बराच बरा' या नावाखाली काय खपणार? २०१४ साली फिल्मवाल्यांच्या कॅमेऱ्यांसमोर तो कचरा उकरला आणि लिलावात लाखभर डॉलरवर विकला. मातीने माखलेल्या प्रत्येक कॅसेटीबरोबर ती अस्सल कचऱ्यातलीच असल्याचं नगरपालिकेचं प्रमाणपत्र!