तेल गळतंय, म्हणजे आत तेल आहे

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या आठवणीनं उसासे टाकणारे म्हणतात, तशा गाड्या आता होणे नाही. खरं आहे, आणि त्याबद्दल आजच्या इंजिनिअरांचे आभारच मानायला हवेत. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली एमजीबी घ्या. पाच लाखांवर गाड्या बनल्या, तेव्हा दुर्मीळ म्हणून हिचं कौतुक, असंही नाही. 1798 सीसीचं इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातलं, त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरलाही होतं. पण तिला स्पोर्ट्स कार म्हणायची छाती तिच्या ड्रायव्हरांचीही झाली नाही. सुरुवातीच्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे अशा दडवलेल्या, की त्यांत पाणी घालायचं विसरण्याची चोख सोय व्हावी. कार्ब्युरेटरही दोन, त्यांचा सूर जुळावा म्हणून रबरी नळी कानाला लावून दोघांचा श्वास ऐकत बसायचं. वायरिंग लुकासचं, आणि त्या कंपनीला गाडीवाल्यांनीच ‘अंधाराचा युवराज’ ही पदवी बहाल केलेली. एवढं सोसूनही माणसं तिच्यावर जीव टाकतात. माझं म्हणणं असं, की ‘एवढं सोसूनही’ नव्हे, एवढं सोसावं लागतं म्हणूनच. दिवाळसणाला रुसून बसलेल्या जावयासारखी ही गाडी घरातल्या सगळ्यांना कामाला लावते, आणि आपल्यावाचून हिचं अडतं या जाणिवेची नशा काही औरच.

पुरावा जपानचा आहे. 1989 साली माझ्दानं लोटस एलानचा कित्ता समोर ठेवून एमएक्स-5 काढली. तेच दोन सीटांचं उघडं सुख, आणि वर दिवे लागतात, तेल जागच्या जागी राहतं. ती दहा लाखांवर बनली. तरी एमजीबीवाले बधले नाहीत. इंग्लंडात तर तिचे नवे कोरे सांगाडे आजही बनतात, म्हणजे गंजून संपलेली गाडी नव्या दमानं गंजायला मोकळी. कुणी म्हणेल, ही हळहळ स्वतःच्या तारुण्यासाठी आहे. असेलही, पण कधीही न बिघडणाऱ्या गाड्यांत ज्यांचं तारुण्य गेलं, तेही हिच्या नादी लागतात, त्यांचं काय? सौंदर्याचा मुद्दा जास्त वजनदार. जग्वारची ई-टाइप इतकी देखणी, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ती आपल्या संग्रहात घेतली. पण नुसत्या रूपाचीच भूक असती, तर तिकीट काढून भागलं असतं. रविवारी गाडीखाली आडवं व्हायचं कारण काय? वेगाचं तर बोलूच नये. ताशी शंभर किलोमीटर गाठायला एमजीबीला बारा सेकंद कमीच पडतात. आज भाजी आणायची गाडीसुद्धा तिला मागं टाकेल.

ब्रिटिश सरकारही या वेडाला सामील आहे. चाळीस वर्षं उलटलेल्या मूळ रूपातल्या गाडीला तिथं रोड टॅक्स माफ, आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. म्हणजे जिला तपासायची खरी गरज, तीच सुटली. अलीकडे काही जण अशा गाड्यांत विजेची मोटर बसवतात. तेल गेलं, कार्ब्युरेटर गेले, नळी लावलेला कान रिकामा झाला. त्यांना एकच विनंती: निदान वायरिंग तरी लुकासचं राहू द्या.