ताबा

नानांना बोलवायचं असेल तर ‘कॉम्प्युटर बिघडलाय’ असं सांगायचं नाही. ते येत नाहीत. ‘नाना, एक सॉफ्टवेअर निघत नाहीये हो,’ एवढंच म्हणायचं. हातातला चहा अर्धा टाकून येतात. अर्थात उरलेला आपल्याकडे पितात.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी दोन-तीन पोरं आमच्या गल्लीतही आहेत. ती आली की सरळ फॉरमॅट मारतात. नाना याला ‘वाडा पाडणं’ म्हणतात. ‘भाडेकरू निघत नाही म्हणून वाडा पाडता? आणि आत मालकाचं सामान आहे त्याचं काय?’

असे नाना जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतील. सत्तरी ओलांडलेले, ऑफिसच्या ईडीपी विभागात पंचकार्डं हाताळलेले, बुशशर्टच्या खिशात स्कूटरच्या किल्लीला बांधलेला पेन ड्राइव्ह. आमच्या नानांची गोष्ट थोडी निराळी आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात ते ३२ वर्षं भाडेकरू होते, आणि ३२ही वर्षं मालक त्यांना काढायच्या खटपटीत होता. शेवटी बिल्डर आला, मोबदल्यात हा फ्लॅट मिळाला आणि मगच नाना हलले. त्यामुळे न निघणाऱ्याचं मन त्यांना आतून ठाऊक आहे.

माझी तक्रार साधी होती. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात एक ॲंटीव्हायरस ३० दिवसांसाठी फुकट आला होता. त्याला तीन वर्षं झाली. मध्यंतरी मी दुसरा विकत घेतला. आता दोघे एकमेकांनाच चोर समजून रात्रंदिवस झडती घेत बसतात आणि मला एक पत्र टाइप करायला पाऊण तास लागतो.

‘डॉसच्या वेळी असं नव्हतं,’ नानांनी बैठक मारली. ‘प्रोग्रॅम म्हणजे पाहुणा. त्याचं सगळं एका डिरेक्टरीत. डिलीट मारलं की वळकटी बांधून चालता झाला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि जो तो रजिस्ट्रीत नोंदी करायला लागला. एकदा रेशनकार्डावर पत्ता चढला, की काढून दाखवा!’

‘पण काढायची सोय होती ना? ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स?’

‘तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. ती नुसती यादी. तू ‘काढा’ म्हणालास की विंडोज त्या प्रोग्रॅमनेच सोबत आणलेल्या अनइन्स्टॉलरला हाक मारतं. म्हणजे भाडेकरूनेच आपल्या सामानाची यादी करायची आणि भाडेकरूनेच ते उचलायचं. अरे, १९४७ च्या भाडे कायद्यानेसुद्धा मालकाचे इतके हाल केले नव्हते.’

त्यांनी यादीतलं नाव दाबलं. फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं. नानांनी मान न वळवता विचारलं, ‘फोल्डरला कोणी हात लावला?’

मी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या रविवारी मी प्रोग्रॅम फाइल्समध्ये शिरून दिसेल ते डिलीट केलं होतं.

‘म्हणजे भाडेकरूचं सामान रस्त्यावर फेकलंस. वर त्याची निघायची किल्लीही हरवलीस. आता हाच प्रोग्रॅम पुन्हा टाकावा लागेल.’

‘काढायसाठी टाकायचा?’

‘मानानं आत बोलवायचा, सगळं जागच्या जागी लावू द्यायचं, आणि मग निरोप द्यायचा.’

दुसरा चहा झाला. प्रोग्रॅम पुन्हा बसला. मोठ्या दिमाखात त्याने स्वतःचं स्वागत केलं, आणि जायची वेळ आली तेव्हा ‘परवानगी नाही’ म्हणून अडून बसला. मी दोन शब्द हासडले. नानांना ते आवडलं नाही.

‘चिडू नकोस. त्याचा हट्ट हाच त्याचा धंदा आहे. ॲंटीव्हायरस सहज निघत असता तर एखाद्या व्हायरसनेच तो आधी काढला असता.’ मग त्यांनी सेफ मोड लावला. ‘हा म्हणजे मे महिना. बहुतेक भाडेकरू गावी गेलेले असतात. जे करायचं ते आत्ताच.’

पेन ड्राइव्हवर त्यांनी त्याच कंपनीचं काढायचं हत्यार आणलं होतं. आपला माणूस सुखासुखी निघणार नाही हे कंपनीलाही माहीत असतं, ही माहिती मला नवीन होती. पट्टी सरकू लागली. मध्ये एका फाइलबद्दल प्रश्न आला, ही इतर प्रोग्रॅमही वापरत असतील, काढू का? नानांनी झटकन ‘नाही’ दाबलं. ‘सामाईक नळ. याला हात लावशील तर सगळा वाडा तुझ्या दारात येईल.’

पट्टी सावकाश चालली होती, म्हणून नाना वाड्यात शिरले. मालक हातात भाडं घेत नसे. घेतलं म्हणजे ताबा मान्य केल्यासारखं. मग नाना दर महिन्याच्या ५ तारखेला मनीऑर्डर करत. मालक ती परत पाठवी. नाना पुढच्या ५ तारखेला पुन्हा करत. ‘त्या पावत्या कोर्टात इतक्या उपयोगी पडल्या म्हणून सांगू! १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा थोडा घाबरलो होतो. पण पावत्यांची फाइल उघडून बघितली, आणि झोप लागली.’ ही फाइल अजून त्यांच्या कपाटात आहे. त्या पावत्यांवर नानांची श्रद्धा आहे, आणि परत आलेल्या पैशांचं काय केलं हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

नऊ वाजता काम संपलं. बायकोने जेवायला थांबायचा आग्रह केला, तो आग्रह करायच्या आधीच नानांनी स्वीकारला होता. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. यादीत नाव नाही. फोल्डर नाही. रजिस्ट्रीतल्या नोंदी नानांनी एकेक वाचून, मृत्युपत्र वाचावं तशा, पुसल्या होत्या. मी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक पिवळी चौकट सरकत वर आली. ‘आपलं संरक्षण संपलं आहे. आजच नूतनीकरण करा.’

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ती चौकट दोनदा वाचली. चेहऱ्यावर राग नव्हता. जुना वाडकरी रस्त्यात भेटावा तसं काहीतरी होतं.

‘टास्क शेड्युलर उघड,’ ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. ‘मनीऑर्डर आली.’